आधी ऊन विचारणाऱ्या मावशींना

मावशी, सा. न. वि. वि.

पार्ल्यात नर्सरी पुष्कळ आहेत, पण अनंत मागितल्यावर "सकाळचं ऊन की दुपारचं?" असं विचारून, उत्तर मिळेपर्यंत रोप न देणाऱ्या तुम्ही एकट्याच. म्हणून हे आभार चारचौघांत.

तुमच्या सांगण्यावरून सोसायटीच्या मागच्या पट्ट्यातली सावली दिवसभर पाहिली, आणि डिसेंबरात पुन्हा पाहिली. केवढा फरक! मुंबई १९ अंश उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि शेजारच्या इमारतीची सावली भर दुपारीसुद्धा जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. मेच्या मध्याला तोच सूर्य थेट डोक्यावर. (जुलैअखेरीस पुन्हा येतो म्हणे, पण त्या ढगांत कोण बघतंय!) बाराही महिने सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी आडोसा असेल असा कोपरा पूर्वेच्या टोकाला सापडला. मेमधल्या दुपारच्या उन्हात अनंताची पानं करपतात, कळ्या गळतात. तिथे तो वाचला.

भिंतीपासून लांब लावा, हे तर मला कधी सुचलंच नसतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि आपल्या कंपाउंडच्या कडेला निम्मं डेब्रिज: सिमेंट, चुना, विटांचे तुकडे. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात नि पान पिवळं पडतं. वाफा वीतभर उंच करून घेतला ते बरं झालं. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात मुळांशी पाणी साचायला कितीसा वेळ लागतो?

सोबतीला अबोली, ही तुमचीच निवड. तिला अर्धी सावली चालते, आणि पांढऱ्या फुलांपाशी तो केशरी रंग काय खुलतो! अनंताची मुळं वरवर असतात, मागाहून खणलेलं त्याला खपत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी, दीड फुटावर लावून मध्ये पालापाचोळा पसरला. सोनटक्का मला फार हवा होता. तुम्ही ठाम नाही म्हणालात. त्याचे कंद पसरतात नि त्याला पाणी भरपूर लागतं, तेव्हा तो गेला गच्चीच्या पाइपापाशी. झेंडू उन्हाच्या टोकाला. तिथे तो मजेत आहे, फार लक्ष द्यावं लागत नाही.

फुलं आता संपत आली. छाटणी किती खोल घ्यायची ते विचारायला रविवारी येते. येताना अबोलीची रोपं आणते. पावसात भिजून शेंगा तडकल्या आणि पट्टाभर इतकी उगवलीत की आम्हाला ठेवायला जागा नाही.

तुमची,
मागच्या पट्टीवाली