कारखान्याच्या कलादालनात इमारतीचाही फलक हवा

संपादक महोदय,

बंद पडलेल्या गिरण्या, वीजकेंद्रे आणि गोदामे यांची समकालीन कलेची दालने होतात तेव्हा त्यांचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. पण एक उणीव वारंवार जाणवते. प्रत्येक कलाकृतीशेजारी नाव, माध्यम आणि वर्ष सांगणारा फलक असतो. ती ज्या वास्तूत उभी आहे, तिच्याविषयी मात्र फार तर दाराशी दोन ओळी असतात. इथे काय तयार होत होते, छप्पर असे का, दरवाजा एवढा उंच का, हे न कळल्यामुळे प्रेक्षकाच्या हातून बरेच काही निसटते.

छपराचेच पाहा. करवतीच्या दात्यांसारख्या छपरात काचेची बाजू उत्तर गोलार्धात उत्तरेकडे ठेवत, म्हणजे कामावर थेट ऊन न पडता दिवसभर एकसारखा उजेड मिळे. धाग्यातला दोष किंवा छपाईतला रंग पारखायला हाच उजेड लागतो, आणि चित्र पाहायलाही हाच उत्तम. न्यूयॉर्क राज्यातले डिया बीकन हे 2003 मध्ये सुरू झालेले संग्रहालय 1929 च्या, नॅबिस्को कंपनीची खोकी छापणाऱ्या कारखान्यात आहे आणि तिथली बरीचशी दालने नैसर्गिक प्रकाशावर चालतात. अशा ठिकाणी दुपार कलण्याआधी जावे. संध्याकाळी रंग वेगळेच दिसतात.

कागद, कापड आणि छायाचित्रे यांना मात्र हा उजेड सोसत नाही. त्यांच्यासाठी साधारण 50 लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात, तैलचित्रांसाठी 200 च्या आसपास. म्हणून मोठ्या हॉलच्या आत बिनखिडक्यांच्या खोल्या उभारलेल्या असतात. झगझगीत हॉलमधून तिथे शिरल्यावर सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि अनेक जण तसेच परत फिरतात. दाराशी चार-पाच मिनिटे थांबले की डोळे सरावतात. दालनवाल्यांनीही मध्ये मंद उजेडाचा एक बोळ ठेवावा. तो नसणे हा मांडणीतला दोष आहे.

आवाजाचा त्रास याहून मोठा. काँक्रीट, वीट आणि लोखंड आवाज फारसा शोषत नाहीत. उंच हॉलमध्ये एका टाळीचा निनाद काही सेकंद घुमतो, मग चित्रफितीतले शब्द एकमेकांत मिसळणारच. जाड पडदे, गालिचा आणि आसनाच्या थेट वर लावलेला स्पीकर हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. बाक जिथे ठेवला आहे तिथेच बसून ऐकावे. दोन पावले बाजूला सरकले तरी फरक पडतो.

जमिनीकडे तर कोणी पाहतच नाही. तळमजल्याची जमीन यंत्रांचे वजन आणि कंप पेलण्यासाठी केलेली असते, म्हणून टनावारी पोलादी शिल्पे तिथे निर्धास्त उभी राहतात. वरच्या मजल्यांची क्षमता वेगळी असते आणि ती अभियंत्याकडून नव्याने तपासून घ्यावीच लागते. काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले तेल वर येते आणि नवा लेप पापुद्र्यांनी सुटतो. ते डाग म्हणजे यंत्रांच्या जागांचा नकाशाच असतो.

लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र 1981 मध्ये बंद झाले आणि 2000 मध्ये तिथे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले. पूर्वी वीजनिर्मितीची यंत्रे असलेल्या त्याच्या टर्बाइन हॉलच्या जमिनीत 2007 मध्ये शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी 167 मीटर लांबीची भेग घडवली. प्रदर्शनानंतर ती बुजवली, तरी तिची रेघ जमिनीवर उरली. 2010 मध्ये त्याच हॉलमध्ये चिनी कलावंत आय वेवे यांनी चिनी मातीचे सुमारे 10 कोटी सूर्यफुलाचे दाणे पसरले. लोकांनी त्यांवरून चालावे अशी कल्पना होती. पण पायांखालून चिनी मातीची धूळ उडू लागल्याने काही दिवसांतच ते थांबवावे लागले. कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांत कोणती धूळ गेली असेल, हा प्रश्न अशा वेळी प्रेक्षकाला पडायला हवा.

रूपांतरात काय गेले, हेही सांगावे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमधले झाइट्झ हे कलासंग्रहालय 2017 मध्ये धान्याच्या जुन्या कोठारात उघडले. धान्य साठवण्याच्या उंच गोल नळ्यांच्या वक्र भिंतींवर चित्र टांगणे अवघड, त्यामुळे आतल्या बऱ्याच नळ्या काढून सरळ भिंतींची दालने केली. कापलेल्या नळ्यांच्या कडा मधल्या उंच चौकात दिसतात. दालनांत शिरल्यावर कोठाराची खूण फारशी उरत नाही. हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण तो प्रेक्षकाला ठाऊक असायला हवा.

म्हणून मागणी अशी: प्रवेशाशी, छपराखाली, क्रेनच्या रुळांजवळ, यंत्रांच्या चौथऱ्यांपाशी आणि माल चढवण्याच्या दाराशी, असे पाच फलक प्रत्येक दालनाने लावावेत. त्यांवर इमारतीचा छेद-आराखडा (उभी कापल्यास आतून कशी दिसेल ते चित्र), उत्पादन, पाळ्या, कामगारांची कामे आणि त्यांतले धोके, कारखाना बंद होण्याचे कारण, आणि जुने काय ठेवले, काय काढले, नवे काय जोडले, एवढे असावे. ॲस्बेस्टॉस किंवा शिशाचा रंग काढला असेल तर तेही लिहावे. कामगार हयात असतील तर मजकूर त्यांच्याकडून तपासून घ्यावा. यंत्रांची आणि खात्यांची बोलीतली नावे आराखड्यात सापडत नाहीत.

फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असावा, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी थोडा खाली. आणि स्क्रूसाठी छिद्र विटेत न पाडता दोन विटांमधल्या सांध्यात पाडावे. सांधा पुन्हा भरता येतो; फुटलेल्या जुन्या विटेच्या जोडीची वीट मिळणे कठीण असते.

आपला,
एक वाचक