‘बाळाला थेट पाजा ना’ : दूध काढायच्या पंपाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : दुहेरी इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप पाच दिवसांत बंद पडणे, वॉरंटी नाकारणे आणि तुमच्या माणसांचे बोलणे

महोदय,

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरने मला सांगितलं की पंपाचा ‘अतिवापर’ झाल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. पंप दिवसातून ८ वेळा वापरला, हे त्यांना मीच सांगितलं होतं. विचारलं म्हणून खरं सांगितलं, तर तेच माझ्यावर उलटवलं. हा माझा सहावा फोन होता. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

पंप कसा चालतो ते तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हीच तो बनवता. कोणती झडप, कोणता पडदा, कोणती पातळी, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मोटर फिरते, आवाज येतो, दिवा लागतो, पण ओढ शून्य. दोन्ही बाजूंना. झडपा बदलल्या, सोबत आलेला जादाचा पडदा घातला, नळ्या कोरड्या केल्या, अडॅप्टर दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. दोष मोटरमध्ये आहे. तुमच्या पहिल्या प्रतिनिधीने व्हिडिओ मागितला, तो पाठवला. दुसऱ्याने बिल मागितलं, ते पाठवलं. तिसऱ्या फोनला दोन्ही पुन्हा मागितली. तक्रारीचा नंबर तेवढ्यात दोनदा बदलला.

हा पंप मी हौसेने घेतला नव्हता. माझं बाळ गणेश चवथीनंतर यायचं होतं. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी माझं ब्लडप्रेशर इतकं वाढलं की डॉक्टरांना थांबता आलं नाही. गरोदरपणाचे ३१ आठवडे, बाळाचं वजन १३८० ग्रॅम. आधी त्याची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, मग सिझेरियन. मी त्याला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, व्हीलचेअरवरून. काचेची पेटी, नाकाला श्वासासाठी दाबाने हवा देणारा सीपॅप, बेंबीत नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारी तांबड्या दिव्याची पट्टी. डायपर त्याच्या काखेपर्यंत येत होता. बोट आत घालून त्याच्या तळहातावर ठेवा, असं सिस्टर म्हणाल्या, तेव्हा त्याने माझं बोट धरलं. तेवढीच आमची ओळख.

त्या दिवशी माझ्यासाठी करण्यासारखं एकच काम होतं, दूध. बाकी सगळं मशीन करत होतं. श्वास विसरला तर आठवण करून द्यायला कॅफिनचं औषध होतं, ऊब द्यायला पेटी होती. दूध मात्र माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नव्हतं. पहिल्या दिवशी जो चीक निघाला तो सिस्टरनी सिरिंजमध्ये धरला आणि कापसाच्या बोळ्याने त्याच्या गालाच्या आतून फिरवला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडायला लागण्याचा जो धोका असतो, तो आईच्या दुधाने कमी होतो, म्हणून हे औषधच समजा. दर तीन तासांनी काढा, रात्रीचं चुकवू नका. रात्री दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं, आणि छाती रिकामी झाली नाही तर शरीर समजतं की गरज नाही, मग दूध आटतं. माझ्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी पणजीच्या दुकानातून तुमचा पंप आणला. ८४९९ रुपये. स्वस्त पंपही होते. हा घेतला, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘हॉस्पिटल ग्रेड’.

ते शब्द तुम्ही छापले आहेत. आता सांगा, ८ वेळा म्हणजे अतिवापर कसा?

पाचव्या दिवशी मला डिस्चार्ज मिळाला, बाळाला नाही. आमचं घर डिचोलीला, हॉस्पिटल पणजीजवळ, तीसेक किलोमीटर. टाके ओले असताना बसने रोज ये-जा जमणार नव्हती, म्हणून सांताक्रूझला एक खोली घेतली. मी दूध काढायचं, बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहायची, आणि नवऱ्याने बर्फाच्या डब्यातून पावसात स्कूटरवर ते पोचवायचं. सहाव्या रात्री घरी सासूबाईंनी बाळाविना सटी पुजली. पाटावर त्याचं झबलं ठेवलं, समई रात्रभर जागवली. त्याच रात्री दोन वाजता तुमचा पंप बंद पडला. मी अंधारात बसून बटण दाबत राहिले, कारण मोटरचा आवाज तर येत होता. अर्ध्या तासाने लक्षात आलं की बाटलीत काहीच नाही. तुमची हेल्पलाइन सकाळी १० वाजता सुरू होते. तोपर्यंत माझी छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात कणकण होती.

आता तिसऱ्या फोनबद्दल. हे मी शब्द न बदलता लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला सांगितलं जातं. तो ऐका. बाळाचा आठवा दिवस, दुपारी बारानंतरचा फोन. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चपलांच्या मांडणीजवळ उभी होते, कारण आत मोबाइल नेता येत नाही.

मुलगी मराठीतच बोलत होती, अगदी गोड आवाजात. तिने विचारलं, “मॅडम, बाळ किती महिन्यांचं आहे?”

मी म्हटलं, “आठ दिवसांचं.”

“मग मॅडम, इतक्या लवकर पंप कशाला? बाळाला थेट पाजा ना. आईच्या अंगावरचं दूध सगळ्यात चांगलं.”

मी सांगितलं, बाळ वेळेआधी झालंय, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे, त्याला अजून ओढता येत नाही, नळीने दूध देतात.

ती म्हणाली, “हो मॅडम, पण ट्राय केलंत का? काही मॉम्स लगेच हार मानतात.”

मी तिथे काही बोलूच शकले नाही. माझ्याशेजारी एक आजोबा नातीच्या रिपोर्टची वाट बघत बसले होते, ते माझ्याकडे बघायला लागले. मी तिला म्हटलं, वरिष्ठांना द्या. सात मिनिटं तुमची जाहिरातीची धून ऐकली. त्यात बाळ हसतं. मग एक गृहस्थ आले. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, एनआयसीयूमध्ये पावडर देतातच. तुम्ही टेन्शन घेऊ नका, स्ट्रेसने दूध कमी होतं.” मग म्हणाले, “गोव्यात आपलं सर्व्हिस सेंटर नाही. तुम्ही कुरिअर करा, १२ ते १५ वर्किंग डेज लागतील.” मी विचारलं, तोपर्यंत मी काय करू? ते म्हणाले, “मॅडम, बघा ना, थेट पाजून बघा.”

पुन्हा तेच.

‘थेट पाजा’ हे वाक्य मला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त लागलं, आणि ते कोणा शेजारणीने नाही, दूध काढायचा पंप बनवणाऱ्या कंपनीने म्हटलं. तुमच्या माणसांना हे माहीत असायला हवं की चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ, पोटातले आठवडे धरून, साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास जुळतो. त्याआधी आईने कितीही प्रयत्न केला तरी दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. माझं बाळ तेव्हा ३२ आठवड्यांचं झालं होतं. मी हार मानली नव्हती. मी त्याला छातीशी धरायला मिळण्याची वाट बघत होते. त्याच दिवशी दुपारी पहिल्यांदा कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या छातीशी अंगाला अंग लावून, नळीसकट, एक तास माझ्या अंगावर दिला. त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, आणि मला पान्हा फुटून गाऊन भिजला. ते दूध धरायला माझ्याकडे चालू पंप नव्हता. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

सिस्टरनी मला हाताने दूध काढायला शिकवलं. अंगठा कुठे, बोटं कुठे, आधी मागे दाबायचं आणि मग पुढे. त्या नसत्या तर माझं दूध तेव्हाच आटलं असतं. पण हाताने प्रत्येक वेळी १२-१५ मिलिलिटर निघत होतं, पंपाने ३० पर्यंत गेलं होतं. सिझेरियनचे टाके, सुजलेली बोटं, आणि एका वेळेला पाऊण तास. बाळाचं दूध रोज वाढवत होते, दर दोन तासांनी ९, मग ११, मग १४ मिलिलिटर. दहाव्या दिवशी माझं दूध दोन वेळांना पुरलं नाही. डॉक्टरांनी विचारून, समजावून, त्या दोन वेळांना कमी दिवसांच्या बाळांचं डब्यातलं दूध दिलं. त्यांनी योग्यच केलं. बाळाला त्यातून काही झालं नाही आणि मी तसा आरोप करत नाही. पण त्या रात्री आतड्याला सूज तर येत नाही ना हे बघायला सिस्टर त्याच्या पोटाला टेप लावून घेर मोजत होत्या, आणि मी काचेबाहेर उभी राहून तो आकडा त्यांच्या ओठांवरून वाचायचा प्रयत्न करत होते. ती रात्र मला तुम्ही दिलीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या कंपनीचा पंप विकत घेतला. माझा नवरा खाजगी नोकरीत आहे, मी प्राथमिक शाळेत शिकवते. एका महिन्यात दोन पंप घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. सासूबाईंनी चवथीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले.

याच दरम्यान तुमच्याकडून माझ्या मोबाइलवर मेसेज आला. ‘नव्या आईसाठी खास’, तुमच्या दूध पाजायच्या बाटल्यांच्या सेटवर २० टक्के सूट. माझा नंबर तुमच्याकडे फक्त पंपाच्या तक्रारीसाठी होता. १९९२ चा शिशुदुग्ध पर्याय, दुग्धपान बाटल्या व शिशुआहाराचा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती तुमच्या कायदा विभागाला पाठ असेल. तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधून बाटल्यांचा खप वाढवायला आमिष दाखवणं त्या कायद्याने बंद आहे. फोनवर तुमचे वरिष्ठ मला पावडरीचं सांगतात आणि त्याच आठवड्यात बाटलीची सूट येते, याचा अर्थ मी काय लावायचा? मेसेजचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

पाचव्या फोनला पंप बदलून देऊ असं सांगितलं गेलं. मी आभार मानले. घरी सांगितलंही. आणि आज सकाळी, अतिवापर. घरगुती वापर म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा, असं तुमच्या माणसाने सांगितलं. पुस्तिका मी दोनदा वाचली, त्यात हा आकडा कुठेही नाही. ज्या बाईचं बाळ अंगावर पितं तिला दोन-तीन वेळा पुरत असेल. जिचं बाळ पेटीत आहे, तिला ८ ते १० वेळा लागतं. हे तुम्हाला माहीत नसेल तर खोक्यावर हॉस्पिटलचं नाव घेऊ नका. माहीत असूनही वॉरंटी नाकारत असाल, तर ही फसवणूक आहे.

माझ्या मोठ्या बहिणीने सात वर्षांपूर्वी तुमचाच हातपंप वापरला होता. नाव आम्ही तिच्याच भरवशावर निवडलं. आता वॉर्डात नवी आई आली आणि विचारलं कोणता घेऊ, तर मी तिला काय झालं ते सगळं सांगते. काल दोघींना सांगितलं.

मला हे हवं आहे. ८४९९ रुपये पूर्ण परत, बदली पंप नको. ‘अतिवापर’ हा शेरा माझ्या तक्रारीतून काढल्याचं लेखी पत्र. तिसऱ्या फोनबद्दल लेखी माफी, त्या मुलीची नव्हे, तुमची. तिला जे शिकवलं नाही त्याची जबाबदारी तिच्यावर ढकलू नका आणि तिला नोकरीवरून काढू नका. पंप घेणाऱ्या बायकांशी बोलणाऱ्या प्रत्येकाला, बाळ पेटीत असलं तर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे शिकवा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच ती करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही. बाटल्यांच्या मेसेजची तक्रार वेगळी जाईल, तिला १५ दिवसांची मुदत नाही.

बाळ आज १६४० ग्रॅम आहे. काल नागपंचमीला, २६ व्या दिवशी, त्याला पहिल्यांदा तोंडाला लावलं. चार वेळा चोखलं आणि झोपला. उरलेलं नळीने दिलं. तुमच्या माणसांनी ‘थेट पाजा’ म्हटल्याला काल १८ दिवस झाले.

पंप धुऊन, सगळ्या भागांसकट मूळ खोक्यात ठेवला आहे. डिचोलीच्या पत्त्यावर माणूस पाठवून घेऊन जा. कुरिअरचे पैसे मी भरणार नाही.

तुमची ग्राहक
(नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर तुमच्या तक्रार नोंदीत आहेत)
डिचोली, गोवा