आई, तेलामुळे नव्हतं

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

सकाळी फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. तिचं ते "बरं" मला कळतं. दिवसभर डोक्यातून गेलं नाही. मनू आत्ता झोपलीय, प्रसाद तिच्याजवळ आहे, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला हे नीट बोलता येणार नाही, मध्येच रडू येईल.

आई, आधी हेच सांगते. तेलामुळे नव्हतं. त्या गुरुवारी मी तुझ्यावर ओरडले, "कितीदा सांगू, तेल लावलं की मनूच्या हातावर खोक्याच्या चकत्या चिकटत नाहीत." त्यानंतर दहा दिवसांत मी तुमची कोयना एक्स्प्रेसची मिरजेची तिकिटं काढली. तू दोन्हींची सांगड घातलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही घातली असती. पण माझं ठरलं होतं मार्चमध्येच, मोरीत तुझ्या कमरेत उसण भरली त्या दिवशी. मनूला घेऊन तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि हाक मारत नव्हतीस, का तर माझी मीटिंग चालू होती. मनूला उचलावंच लागतं, आणि ती आता १७ किलोची झाली. अंग ताठ केलं की ती दोघांनाही आवरत नाही. तुला ६९ पूर्ण झाली. आणि बाबा, तुम्हाला घेरी येत होती ते तुम्ही तीन आठवडे कुणाला सांगितलं नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावरून मला कळलं. मग मी काय करायला हवं होतं? तुम्हाला नको म्हणून पाठवलेलं नाही. सहा वर्षं तुम्ही मिरजेचं घर बंद ठेवून इथे राहिलात, हे मी कशात मोजू?

मनूला सांभाळायला सुमनताई आठ ते सहा येतात. पैशांची काळजी करू नका, प्रसादचा हप्ता डिसेंबरात संपतोय. त्या मनूला एकट्या उचलत नाहीत, पलंगाशेजारी झोळीचा पाळणा बसवून घेतलाय, हँडल फिरवलं की ती अलगद खुर्चीत येते. भात-मुगाचं खिमट तुझ्याच पद्धतीनं, जिऱ्याच्या फोडणीचं. मान थोडी पुढे झुकवून, लहान चमच्यानं, दोन घासांमध्ये थांबून. ठसका लागत नाही. झोपताना डाव्या कुशीला तुझ्या जुन्या साडीची गुंडाळी लागते, ती अजून तीच आहे, हिरवी.

आता खोक्याचं, मनूच्या स्नायूंतली वीज ऐकून तिला बक्षीस देणारं ते. तुम्ही गेलात तेव्हा ते धड चालत नव्हतं, आणि ते का चालत नव्हतं हे मला आता समजलंय. बाबा, तुम्हाला नीट सांगते, तुम्हाला यातलं सगळं कळेल.

स्नायू आवळला की त्यातून बारीकशी वीज वाहते. गॅल्व्हानीनं बेडकाच्या तंगड्यांवरचे प्रयोग १७९१ साली छापले तेव्हापासून स्नायू आणि विजेचं नातं माणसाला माहीत आहे. कातडीवर ती मिळते मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, मनूच्या हातावर जेमतेम ५० ते १००. त्यावर घरातल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं हमिंग येऊन बसतं, आपल्या रेडिओच्या दुकानात अर्थिंग निघालं की यायचं तसंच. म्हणून एकाच स्नायूवर सिग्नल टिपणाऱ्या दोन चकत्या, दोन सेंटिमीटर अंतरावर, आणि तिसरी कोपराच्या हाडावर. हमिंग दोन्ही चकत्यांवर सारखंच येतं, दोघींतला फरक घेतला की ते बरंचसं गळून जातं. उरलेला सिग्नल हजारपट वाढवायचा. २० हर्ट्झच्या खालचं काढायचं, वायर हलल्याची थरथर तिथे असते. ४५० च्या वरचंही काढायचं. मग वरखाली होणारी ती खरखर एकाच बाजूला आणून गुळगुळीत करायची. बाबा, हा तुमच्या रेडिओतला डिटेक्टरच की! डायोड आणि कंडेन्सर. मी दहावीत असताना तुम्ही मला काउंटरवर बसवून तो समजावला होतात, फक्त आता ते काम चिपमधला प्रोग्रॅम करतो.

चूक मी केली ती चकत्यांच्या जागेत. मी त्या हाताच्या आतल्या बाजूला लावत होते, मूठ वळणाऱ्या स्नायूंवर, कारण तिथे सिग्नल दणदणीत यायचा. मला वाटायचं, बघा, किती छान येतोय. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक दिवस शांतपणे विचारलं, "हा तिचा सिग्नल आहे की तिच्या ताठरपणाचा?" कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, कुणी शिंकलं की मनूचा अख्खा हात आपोआप आवळतो. आणि मी त्या आवळण्याला दिवा लावून बक्षीस देत होते. जे तिला सोडवत नाही, तेच आणखी घट्ट करायला शिकवत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा तुझं आठवलं, आई. मालिश करताना तू म्हणायचीस, "नीलू, हिच्या हातात बेटकुळी येते गं, इथे, कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला. मी गप्प झाले की येते. जणू सांगते, बोल." मी तेव्हा हूं म्हणून लॅपटॉपकडे वळले होते. हात तर हलत नव्हता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मनगट वर उचलणारे स्नायू असतात ना, ते नेमके तिथेच. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी तिथे चकत्या लावल्या. पडद्यावर बारकी रेघ होती. सुमनताई बोलता बोलता थांबल्या आणि रेघ उठली. पुन्हा बोलल्या, बसली. थांबल्या, उठली. मी त्यांना अकरा वेळा तसंच करायला लावलं. नऊ वेळा उठली.

तुझी बोटं तिथे सहा वर्षं होती. मी पुस्तकं वाचत होते.

आता खोकं दोन्ही बाजू ऐकतं. आतली बाजू शांत असेल आणि बाहेरची उठली, तरच बक्षीस. आणि आतली बाजू ताठून पुन्हा सैल पडली तर त्यालाही एक हलका सूर वाजतो. तो मला जास्त मोलाचा वाटतो. किती उठली तर "उठली" म्हणायचं हे रोज नव्यानं मापावं लागतं, आधी मिनिटभर तिला स्वस्थ ठेवून, कारण ताप असला, झोप झाली नसली की तिचं स्वस्थ असणंही वेगळं असतं. पूर्वी बक्षीस अर्धा सेकंद उशिरा यायचं, तेवढ्यात तिचं लक्ष उडायचं. तो उशीर आता पुष्कळ कमी केलाय. एका वेळी दहाच मिनिटं, मग ती दमते.

बक्षीस काय आहे सांगू? तुझा आवाज. "मनूबाई, आले गं." दिवाळीच्या व्हिडिओतून काढलाय. तुम्ही गेल्यावर चार दिवस ती संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसायची. आता ती तुला स्वतः हाक मारते, तिच्या बेटकुळीनं.

आई, यानं ती चालेल-बोलेल असं मात्र कुणाला सांगू नकोस. काकूंना तर अजिबात नाही. जन्माच्या वेळी मेंदूला जे झालं ते तसंच राहणार आहे. तुझ्या नवसाला मी कधी नावं ठेवली नाहीत, पण त्याची वाट बघत बसू नकोस. मला आत्ता एवढंच हवंय की "आणखी" आणि "पुरे" हे तिचं तिला सांगता यावं. पुढचं पुढे.

बाबा, तुमच्या एका शब्दाबाहेर मी गेलेले नाही. माणसाच्या अंगाला मेन्स लागता कामा नये, म्हणून सगळं बॅटरीवर आहे आणि स्पीकरला वायर नाही. चार्जिंगच्या भोकावर सरकतं झाकण केलंय. ते उघडलं की चकत्यांची पिन बसतच नाही, दोन्ही एकदम लावताच येत नाहीत. तपकीर गल्लीतून तुम्ही उन्हात फिरून आणलेली ती शील्ड वायर याच खोक्यात आहे. सोल्डरिंग तुमच्या जुन्या गनवरच केलं. राळेचा वास आला की मला अजून आपल्या दुकानातली दुपार आठवते, तुम्ही टेबलाखाली माझ्यासाठी अंथरलेलं पोतं, आणि वर दोन रेडिओ एकदम चालू.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी सकाळच्या चहाआधी घ्यायची, चहानंतर आठवली म्हणून नाही. टाकीचा कॉक बघायला गच्चीवर चढायचं नाही, खालच्या मुलाला मी सांगून ठेवलंय. लुना विकायची. माझ्यासमोर हो म्हणाला होतात. आई, मोरीत दांडी बसवलीय ती टॉवेल वाळत घालायला नाही, धरायला आहे. कमरेचा पट्टा कपाटात ठेवू नकोस. गीझर वापर, बिलाचं बघू नकोस, ते मी भरते. बुधवारी दादाचा फोन आला की "सगळं ठीक" एवढंच सांगून ठेवू नका, खरं सांगा.

दिवाळीला आम्ही गाडी करून येतो. तेव्हा मनूला मांडीवर घे, हवी तितकी वेळ घे. उचलून देईन मी.

आणि एक काम आहे. व्हिडिओत मागे फटाके वाजतायत, त्यांनी मनू दचकते. पंखा बंद करून, खिडकी लावून, तुझ्या नेहमीच्या आवाजात दोन-तीन वेगवेगळ्या हाका फोनवर रेकॉर्ड करून पाठव. बाबांनी त्यांची शीळ द्यावी, संध्याकाळी घरी येताना घालायचे ती.

तुमची,
नीलू

ता. क. – रविवारी खोक्याला सुट्टी असते. त्या दिवशी सुमनताई मनूला तेल लावतात, पण तुझी बाटली तळाला आलीय. तीळतेल कढवताना वेखंड किती घालायचं ते त्यांना उद्या फोनवर सांग. मला विचारलं त्यांनी, मला ते कधी माहीतच नव्हतं.