तीन ओळींत न मावलेले तात्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तात्यांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, निधनवार्ता आपल्या अंकात आली. 'माजी सैनिक व प्रगतशील शेतकरी' आणि पुढे 'पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार'. जागा तेवढीच असते, हे कळते. पण राहिलेले कुठेतरी छापून यावे, असे मनापासून वाटते म्हणून हे पत्र.

तात्या पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, म्हणजे 'जंगी पलटणी'तले. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. शरण या, अशी चिठ्ठी ब्रिगेडियर क्लेर यांनी धाडली, तर पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री त्यांची फौज बाहेर पडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. सकाळी जमालपूर पडले. त्या गोळीची गोष्ट तात्या रंगवून सांगायचे. त्या रात्रीच्या लढाईचे विचारले, की उठून गोठ्याकडे जायचे.

गावाने त्यांना कायम 'मेजर' म्हटले. विजय दिवसाला शाळेत बोलावून हारही घातला. पण ते युद्ध १३ दिवसांचे होते. पेन्शनवर आल्यावर चाळीसेक वर्षे त्यांनी शेती केली, तिच्याबद्दल कुणी हार घातला नाही. आमचे रान उताराचे. वळवाचा एक पाऊस झाला की वरची माती ओढ्यात जायची. तात्यांनी प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळीच्या रेषा काढल्या. एक टोक स्वतः धरायचे, दुसरे काकूंच्या हातात, आणि दोन्हीकडे पाणी सारखे दिसले की तिथे फक्की टाकायची. त्या रेषांवर बांध घातले, खालच्या विहिरीला पाणी टिकू लागले.

मला त्यांची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. १९८९-९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा म्हणून. भाषणाला टाळ्या पुष्कळ पडल्या. आमच्या भावकीत सातबारा बदलला एकट्या तात्यांनी, तोही विहिरीच्या तुकड्याचा. भावकी बिथरली. तात्या म्हणाले, "मी फौजेत असताना औत कुणी धरलं? हिनंच ना?" विषय तिथेच मिटला. पुढे सोसायटीच्या कर्जाचा अर्ज असो की मुलीच्या कॉलेजची फी, काकूंना विचारल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. लेकीला शिकवताना तर गावाशी वाकडेपणाही घेतला.

१९७१ला लढलेला तरुणात तरुण जवानही आज सत्तरीपार आहे. आपली वार्ताहर मंडळी तालुक्या-तालुक्यांत आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या नोंदी असतात. महिन्याला एकाची अर्धे पान माहिती छापता आली, तर बघा. फक्त लढाईवर थांबू नका. शेतीचे विचारा, घरचे विचारा. आणि घरी गेल्यावर त्यांच्या बायकोलाही समोर बसवा, कारण ते सीमेवर होते तेव्हाचे घर आणि रान तिनेच सांभाळलेले असते.

कळावे,
एक नियमित वाचक