वाशी येथील परिषदेस जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाशी रेल्वे स्थानकाजवळील सिडको प्रदर्शन केंद्रात होणाऱ्या ऑनलाइन मार्केटिंग परिषदेस जाताना पुढील बाबींकडे कृपया लक्ष द्यावे. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने यावे, कारण रस्त्याने आल्यास सकाळी ऐरोली-घणसोली पट्ट्यात मोटार अडकली की पहिले सत्र हातचे जाते.

मागील परिषदेत मी दिवसभरात जमवलेली व्हिजिटिंग कार्डे रबर लावून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील निम्म्या व्यक्तींशी काय बोलणे झाले होते, हे मला आठवेना. म्हणून भेट संपताच कार्डाच्या मागे पेन्सिलने दोन शब्द लिहावेत आणि दोन दिवसांच्या आत, त्या बोलण्याचा उल्लेख करून, प्रत्येकास स्वतंत्र संदेश पाठवावा. एकच मजकूर सर्वांना पाठवणे मला योग्य वाटत नाही. समोरच्याला ते लगेच कळते.

परिषदेत वाटायच्या पत्रकावरील क्यूआर कोडच्या दुव्याला यूटीएम (भेट कोठून आली हे सांगणाऱ्या, दुव्याच्या शेवटी जोडायच्या खुणा) सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन हे तिन्ही घटक जोडावेत, म्हणजे परिषदेतून संकेतस्थळावर किती जण आले हे गूगल ॲनालिटिक्समध्ये (संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या साधनात) वेगळे दिसेल. कोड मीटरभर अंतरावरून वाचला जाणार असेल, तर तो साधारण 10 सेंटीमीटरचा छापावा आणि छपाईपूर्वी दोन-तीन फोनवर तपासून घ्यावा.

कोणाचाही क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय प्रचाराच्या यादीत घालू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 चा केंद्रीय कायदा आहे, आणि विश्वासाचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

पत्रकाचा मसुदा शुक्रवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावा.