प्रशिक्षक नव्हे, आधी मांडणी बदला

महोदय,
आपला फुटबॉल संघ हरतोय म्हणून पुन्हा बोलावलेल्या प्रशिक्षकालाच हटवा, ही मागणी घाईची आहे. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने दुसऱ्यांदा आलेले प्रशिक्षक मोरिन्यो यांना 2015 च्या डिसेंबरात काढले. आदल्याच हंगामात त्यांनी लीग जिंकून दिली होती, पण पुढच्या हंगामात पहिल्या 16 पैकी 9 लीग सामने संघ हरला. त्यांना काढूनही संघ शेवटी दहावाच आला.

आपले दुखणे मैदानावर दिसते. दोन्ही फुलबॅक (बचावफळीतले कडेचे खेळाडू) एकदम पुढे धावतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की मैदानाच्या दोन्ही बगला मोकळ्या. त्यात पावसाळ्यात आपल्या लाल मातीत आखूड पास चिखलात अडतो आणि प्रतिस्पर्धी थेट गोलवर. एक फुलबॅक मागे ठेवा, एक मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) बचावफळीपुढे उभा करा. त्यानंतरच्या चार सामन्यांतही याच बगलांतून गोल खाल्ले, तर खुशाल नवा माणूस आणा.

— एक फुटबॉलप्रेमी, रत्नागिरी