मुशी आणि चौकट

सांगली, गावभाग

प्रिय सुध्या,

मुशीच्या कालवणाचा फोटो पोचला. लेका, इथं घराची चौकट गेली आणि तू फोटो पाठवतोस!

माजघराची ती आंब्याची चौकट, जिथं खिळ्यानं रेघा ओढून आपण उंची मोजायचो. २०१९च्या पुरात ती कंबरेपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लाकूड पुरतं वाळायच्या आत मी हौसेनं ऑइल पेंट फासला. ओल आतच कोंडली. परवा सुतारानं पटाशी लावली, तर रंग शाबूत आणि पटाशी मुठीपर्यंत आत! वाळवी म्हणावी तर मातीची रेघ कुठंच नाही. लाकूड विटकरी झालेलं, उभं-आडवं तडकून लुडोच्या फाशाएवढे ठोकळे. एक चिमटीत दाबला, तर तपकिरीसारखी पूड. म्हणजे बुरशी. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे पांढरे तंतू, खाते आणि तंतू धरून ठेवणारं तपकिरी लिग्निन मागं ठेवते, म्हणून तो रंग.

झोप येईना, वाचत बसलो. तुझी मुशी म्हणजे लहान शार्कच की; वाचता वाचता तिची थोरली भाऊबंद भेटली, ग्रीनलंड शार्क. २०१६ साली शास्त्रज्ञांनी २८ माद्या तपासल्या. त्यातल्या पाच मीटर लांबीच्या मादीचं वय निघालं सुमारे ३९२, इकडंतिकडं १२० वर्षं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागची! या शार्कच्या मऊ मणक्यांत झाडासारखी वर्तुळं उमटत नाहीत, मग मोजणार काय? म्हणून डोळ्यातल्या भिंगाचा गाभा तपासला, कारण तो पिल्लू जन्मायच्या आधीच तयार होतो आणि पुढं बदलत नाही. वर्षाला सेंटिमीटरभरसुद्धा वाढत नाही म्हणे ती. आपल्या चौकटीवर तिची रेघ हललीच नसती.

बुरशीतही वर्तुळं नाहीत. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात एकच बुरशी ९६५ हेक्टरांवर पसरलीय. आपल्या चौकटीतली नव्हे, ही झाडांची मुळं खाणारी. पसरण्याच्या वेगावरून तिचं वय २,४०० वर्षं धरतात, काहीजण ८,६५० पर्यंत जातात. मला मात्र हा हिशेब थोडा लबाड वाटतो. मागचे धागे मरतात, पुढं नवे फुटतात. आमच्या वाड्यासारखंच झालं की, खांब बदलला, कौलं बदलली, तरी वाडा पणजोबांचाच. मुशीचं भिंग तेच राहतं. खरी म्हातारी कोण, यात माझं मत तिलाच.

सुतार सोमवारी येतोय. चौकटीचा वरचा तुकडा घट्ट आहे, तो जळणात टाकणार होता, मी काढून ठेवलाय. रंगाखालून तुझी सातवीतली रेघ अजून बोटाला लागते.

तुझा,
बाळ्या